फुल्या मारण्याआधी : शाळांच्या ग्रंथनिवड समित्यांना खुले पत्र

मा. समिती सदस्य,
सप्रेम नमस्कार.

किशोरवयीनांसाठीच्या एखाद्या कादंबरीविरुद्ध तक्रार आली की तुमच्या टेबलावर काय येतं, हे मला माहीत आहे. चार-पाच पानांच्या झेरॉक्स, त्यांवर पिवळ्या शाईने रंगवलेले शब्द, आणि एक अर्ज. अर्जात पान क्रमांकासाठी रकाना असतो, आक्षेपार्ह शब्दासाठी रकाना असतो. पुस्तक पूर्ण वाचलं का, हा प्रश्न असलाच तर अगदी तळाशी. मग बैठक भरते. झेरॉक्स हातोहात फिरतात. कोणीतरी एक वाक्य मोठ्याने वाचायला घेतं आणि अर्ध्यात थांबतं. सगळे अवघडतात, आणि त्या अवघडलेपणातच निर्णय होऊन जातो. ठराव नंतर लिहिला जातो, इतकंच.

मी बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठीच्या कादंबऱ्यांचं संपादन करते. शिव्या असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही. तुमची अडचण मला खोटी वाटत नाही. तेरा वर्षांच्या मुलीच्या दप्तरात अर्वाच्य भाषेचं पुस्तक सापडल्यावर तिच्या आईला धक्का बसतो, ती शाळेत येते, तिला उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की शब्द मोजून कादंबरीचा निवाडा होत नाही. तो शब्द कोणाच्या तोंडी आहे, कोणाला उद्देशून आहे आणि तो उच्चारला गेल्यावर पुढच्या पानांवर काय घडतं, हे बघावं लागतं. झेरॉक्सवर ते दिसत नाही. (पुढची उदाहरणं सगळी अमेरिका-इंग्लंडमधली आहेत. तिथली भांडणं बैठकांतून, कोर्टांतून आणि वर्तमानपत्रांतून झाली, म्हणून त्यांच्या नोंदी राहिल्या.)

या वादातलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक घ्या. जे. डी. सॅलिंजरची ‘द कॅचर इन द राय’ १९५१ साली आली. लिहिली होती मोठ्यांसाठी. आपलीशी केली सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी. १९६० मध्ये अमेरिकेतल्या टल्सा शहरात अकरावीच्या वर्गाला ही कादंबरी नेमल्याबद्दल एका शिक्षकाला नोकरीवरून काढलं. अपील झालं, नोकरी परत मिळाली, पुस्तक मात्र शाळेत परत आलं नाही. त्यानंतरही कित्येक वर्षं या कादंबरीवर आक्षेप येत राहिले, आणि त्यांत एका चार अक्षरी इंग्रजी शिवीचा उल्लेख हटकून असायचा.

आता ती शिवी पुस्तकात येते कुठे ते पाहा. कादंबरीचा नायक, सोळा वर्षांचा होल्डन, आपल्या धाकट्या बहिणीच्या शाळेत जातो. तिथे भिंतीवर कोणीतरी ती लिहून ठेवलेली त्याला दिसते. तो भयंकर खवळतो. बहीण आणि तिच्याएवढी पोरं हे वाचतील, त्यांना अर्थ कळणार नाही, मग कोणीतरी वाह्यात मुलगा तो समजावून सांगेल आणि दोन दिवस ती पोरं त्याचाच विचार करत राहतील, या कल्पनेने त्याच्या जिवाची तगमग होते. तो ती अक्षरं हाताने पुसून टाकतो. दुसऱ्या जिन्यात पुन्हा तीच शिवी, पण या वेळी चाकूने कोरलेली. पुसता पुसली जात नाही. सगळा जन्म यातच घालवला तरी जगातल्या असल्या निम्म्यासुद्धा खुणा पुसून व्हायच्या नाहीत, हे त्याला कळून चुकतं.

म्हणजे तक्रार घेऊन आलेल्या पालकाच्या मनात जे असतं, शब्दशः तेच होल्डनच्या मनात आहे. लहानांच्या नजरेला हे पडू नये म्हणून तो धडपडतोय. झेरॉक्सवर शिवी उमटते. ती पुसणारा हात उमटत नाही.

दुसरं उदाहरण याहून वाईट आहे. १९७३ साली अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटा राज्यात ड्रेक नावाच्या छोट्याशा गावात, वर्गात शिकवायला घेतलेल्या कर्ट व्हॉनेगटच्या ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’च्या बत्तीस प्रती शाळेच्या भट्टीत जाळल्या गेल्या. कारण भाषा. व्हॉनेगट दुसऱ्या महायुद्धात लढले होते, जर्मनांचे युद्धकैदी होते, आणि १९४५ च्या फेब्रुवारीत ड्रेस्डेन शहर बॉम्बफेकीत बेचिराख झालं तेव्हा ते त्याच शहरात होते. कादंबरी त्या संहाराबद्दलची आहे. त्यांनी शाळा मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की माझी पात्रं राकट भाषेत बोलतात कारण खरी माणसं, त्यातही सैनिक आणि अंगमेहनत करणारी माणसं तशी बोलतात. आणि आम्ही लहान होतो तेव्हा आमचं नुकसान त्या शब्दांनी केलं नाही, वाईट कृत्यांनी आणि खोटेपणाने केलं. एका अख्ख्या शहराची राख झाल्याची गोष्ट हातात असताना सैनिक शिव्या देतो यावर बोट ठेवणाऱ्या मंडळाबद्दल मी जास्त काही लिहीत नाही. लिहायला लागले तर माझीही भाषा सुटेल.

पण हीच गफलत वर्षानुवर्षं होत आली आहे, आणि दर वेळी अशाच पुस्तकांच्या बाबतीत, ज्यांतला विषय भाषेपेक्षा कितीतरी जड असतो. अँजी थॉमस यांच्या ‘द हेट यू गिव्ह’मध्ये (२०१७) एक सोळा वर्षांची मुलगी आपल्या मित्राला पोलिसाच्या गोळीने मरताना बघते. टेक्सासमधल्या एका शालेय जिल्ह्याने (म्हणजे तिथल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाने) ते पुस्तक भाषेच्या कारणावरून शेल्फवरून काढलं. लेखिकेने ती चार अक्षरी शिवी स्वतः मोजली, एकोणनव्वद वेळा येते असं सांगितलं, आणि त्यापेक्षा पोलिसांच्या हातून वर्षाकाठी मरणाऱ्यांच्या आकड्याकडे बघा असं सुचवलं. डोळ्यांदेखत मित्र मेलेली मुलगी कोणत्या भाषेत बोलायला हवी, हे आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा सांगून टाकावं.

माणूस शिवी का देतो, याचा थोडा विचार या समित्यांमध्ये व्हायला हवा. शिवी नेहमी दुसऱ्यावर फेकलेला दगड नसते. पायाचं बोट उंबऱ्यावर आपटलं तर तोंडातून जे निघतं ते कोणालाच उद्देशून नसतं. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं; शिवी पुटपुटत राहणाऱ्यांनी साधा शब्द म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ कळ सोसली. पक्षाघाताने वाचा गेलेल्या काही रुग्णांच्या तोंडून एरवी शब्द फुटत नाही, पण शिवी स्पष्ट येते. टुरेट सिंड्रोम (नकळत हालचाली आणि आवाज होत राहतात असा मज्जासंस्थेचा विकार) असलेल्यांपैकी थोड्या जणांना शिव्यांचे झटकेच येतात, इच्छा असो वा नसो. अशाच एका सोळा वर्षांच्या मुलावर ब्रायन कॉनहन यांनी ‘व्हेन मिस्टर डॉग बाइट्स’ (२०१४) लिहिली आणि ती मुलांच्या पुस्तकांसाठी असलेल्या ब्रिटनच्या कार्नेगी मेडलच्या अंतिम यादीत आली. त्या कादंबरीतल्या शिव्या काढल्या तर त्या मुलाचा आजार काढला जातो, आणि मग कादंबरीत काय उरतं? वेदना, भीती, लाज, राग यांना पौगंडावस्थेत जागा फार आणि शब्द कमी असतात. मग जो शब्द हाताशी असतो तोच बाहेर पडतो.

आता तक्रारदारांच्या बाजूने. त्यांच्या हातातला सगळ्यात भक्कम कागद बहुधा २०१२ साली आलेला अमेरिकेतल्या ब्रिगॅम यंग विद्यापीठाचा अभ्यास असेल. किशोरांच्या चाळीस खपाऊ पुस्तकांतले असभ्य शब्द त्यात मोजले गेले. पस्तीस पुस्तकांत ते सापडले, सरासरी एका पुस्तकात अडतीस वेळा, आणि एका पुस्तकात तर पाचशेच्या घरात. बातम्या झाल्या त्या या आकड्यांच्या. माझ्या मते त्या अभ्यासातली खरी दखल घेण्याजोगी गोष्ट वेगळीच होती : शिव्या देणारी पात्रं जास्त देखणी, जास्त लोकप्रिय आणि जास्त पैसेवाली रंगवलेली होती. ही काळजीची बाब आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. वर्गातला सगळ्यात रुबाबदार मुलगा दर तिसऱ्या वाक्याला शिवी हासडतो आणि त्याचं कधी काही बिघडत नाही, असं पुस्तक मलाही खटकतं. शिवी तिथे महागड्या बुटांसारखी मिरवायची वस्तू होते. पण हे कळलं कसं? कोण बोलतंय हे पाहिल्यावर कळलं. नुसत्या अडतीसवरून नाही.

त्याच सुमाराला, पुस्तकांवरही सिनेमासारखी वयाची खूण छापावी अशी सूचना पुढे आली. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रकाशकांनी वयोगट छापायचं ठरवलं तेव्हा फिलिप पुलमनसह अनेक लेखकांनी कडाडून विरोध केला होता. वरवर ही खूण निरुपद्रवी दिसते. सिनेमात ती कशी चालते बघा. अमेरिकेत ही वर्गवारी १९६८ पासून आहे, आणि तिथला सर्वसाधारण नियम असा की ती ठरावीक शिवी एकदा आली तर किशोर तो सिनेमा एकट्याने बघू शकतात. जास्त वेळा आली की सोबत पालक लागतो. २०१० च्या ‘द किंग्ज स्पीच’ला हा नियम लागला. तोतरेपणाशी झगडणारा राजा उपचाराचा भाग म्हणून बंद खोलीत शिव्यांची सरबत्ती करतो, आणि तेवढ्या वेळापुरता तो अडखळत नाही, असा तो प्रसंग आहे. तोतरं बोलणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला याहून उपयोगी सिनेमा कुठला दाखवणार? अमेरिकेत त्यावर सतराच्या आतल्यांना पालकाशिवाय प्रवेश नाही अशी खूण बसली. ब्रिटनच्या मंडळाने आधी १५ ची खूण दिली, वितरकाने दाद मागितल्यावर संदर्भ लक्षात घेतला आणि ती १२ वर आणली. शब्द तेच, संख्या तीच. एका मंडळाने मोजलं, दुसऱ्याने ऐकलं.

आणखी एक गोष्ट मला संपादनाच्या कामात रोज दिसते, आणि तुमच्या अर्जात तिच्यासाठी रकानाच नाही. किशोर कादंबऱ्यांतली सगळ्यात क्रूर वाक्यं स्वच्छ असतात. ‘तू आली नसतीस तरी कोणाच्या लक्षात आलं नसतं.’ ‘तिला घेऊ नका, फोटो खराब होईल.’ ‘तुझ्या बाबांना विचार ना, अरे हो, ते असतात कुठे तुमच्याकडे!’ यांतल्या एका शब्दालाही कोणी पिवळी खूण करणार नाही. चौदा वर्षांच्या मुलीला रात्री जागवणारी वाक्यं हीच. उलट दोन जिवलग मित्र एकमेकांना आईमाईवरून हाका मारतात तेव्हा त्यात कित्येकदा माया असते. म्हणून ती भाषा चांगली ठरत नाही. आईबहिणीचं शरीर शिवीसाठी वापरायची सवय कुठून आली, हा प्रश्न एखादी चांगली कादंबरी त्याच मुलांना विचारू शकते. पण विचारायचा तर तो शब्द पानावर यावा लागेल.

यातच माझी एक कडक भूमिकाही सांगून टाकते. सगळी ‘वाईट भाषा’ एका पोत्यात भरू नये. वैतागून हासडलेली शिवी वेगळी, आणि एखाद्याची जात, वर्ण, धर्म, अपंगत्व किंवा लैंगिकता यांवरून त्याला हिणवणारा शब्द वेगळा. पहिल्याने फार तर कान किटतात. दुसरा वर्गात बसलेल्या एका विशिष्ट मुलाच्या अंगावर जातो, आणि पुस्तक मिटल्यावरही मधल्या सुट्टीत त्याचा पाठलाग करतो. हस्तलिखितात असा शब्द आला की मी लेखकाशी तासन्‌तास वाद घालते : ज्याला तो झोंबतो त्याच्या बाजूने कादंबरी उभी आहे का, की त्याच्या अंगावर उडवलेल्या चिखलावर सगळ्यांबरोबर हसते आहे? पहिलं असेल तर शब्द राहतो. दुसरं असेल तर शब्द बदलून भागत नाही, प्रसंगच नव्याने लिहावा लागतो. तुमच्या समितीने कधी हा भेद केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. यादीत दोन्ही शेजारी-शेजारी असतात.

लेखकांची पाठराखण करायला हे पत्र लिहिलेलं नाही, हेही स्पष्ट करते. शिव्या पेरल्या की संवाद ‘खरे’ होतात असा समज काही जणांचा आहे. होत नाहीत. मुलं जशी बोलतात तसंच्या तसं लिहिलं तर ते वाचवणार नाही, कारण खऱ्या बोलण्यात अर्धं भरताड असतं. एस. ई. हिंटन यांनी ‘द आउटसायडर्स’ शाळेत असताना लिहिली, १९६७ मध्ये ती छापली गेली. टोळ्या, चाकू, मृत्यू सगळं आहे तिच्यात आणि शिव्या जवळपास नाहीत. तरी ती पोरं खोटी वाटत नाहीत. जेम्स डॅशनर यांच्या ‘द मेझ रनर’मधली मुलं तर स्वतःच घडवलेल्या शिव्या देतात, त्या बंदिस्त जगात ते शोभतं, रोजच्या जगातल्या गोष्टीत हास्यास्पद वाटेल. म्हणजे शिवीशिवाय चालतं, हे तक्रारदारांचं म्हणणं बरोबर आहे. फक्त ते त्या त्या कादंबरीबद्दल बरोबर आहे. हिंटन यांना जमलं म्हणून थॉमस यांच्या नायिकेनेही तसंच बोलावं, हा त्यातून निघणारा निष्कर्ष नव्हे.

मग मधला मार्ग म्हणून कोणीतरी सुचवतं : पुस्तक ठेवू, चार शब्द तेवढे गाळू. कृपा करून हे करू नका. बंदीपेक्षाही हे वाईट. बंदी निदान दिसते, तिच्याशी भांडता येतं. रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’ची, म्हणजे पुस्तकं जाळणाऱ्या राजवटीवरच्या कादंबरीची, खास शाळांसाठीची आवृत्ती १९६७ पासून छापली जात होती. तिच्यात पंचाहत्तरच्या आसपास जागी काटछाट होती, सौम्य इंग्रजी शिव्यासुद्धा उडवलेल्या. लेखकाला हे माहीतच नव्हतं. १९७९ मध्ये कळलं तेव्हा ते संतापले आणि मूळ संहिता परत आणायला लावली. मधल्या काळात ज्या विद्यार्थ्यांनी पुस्तक वाचलं त्यांना आपल्याला काय वाचू दिलं नाही याचा पत्ताही नव्हता.

२०१५ मध्ये हेच काम एका ॲपने करून पाहिलं. ‘क्लीन रीडर’ त्याचं नाव. ई-पुस्तकातले असभ्य शब्द ते झाकायचं आणि जागी सोज्वळ पर्याय द्यायचं. स्वच्छतेच्या पायऱ्या निवडायची सोयसुद्धा होती. शरीराच्या अवयवांची साधी नावंही त्याच्या चाळणीत अडकत. जोॲन हॅरिस आणि इतर लेखकांनी आवाज उठवल्यावर काही दिवसांत त्या ॲपमधून पुस्तकविक्री थांबली. यंत्राला चिडलेला प्रियकर, घाबरलेली मुलगी आणि तपासणी करणारी डॉक्टर यांच्या तोंडचा शब्द एकच दिसतो. समितीने यंत्रासारखं वागू नये, म्हणून तर समितीत माणसं असतात.

कायद्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९८२ साली ‘आयलंड ट्रीज’ शाळा मंडळाचा खटला गाजला. त्या मंडळाने नऊ पुस्तकं काढली होती, त्यांत पुन्हा व्हॉनेगट होतेच. मंडळाने स्वतःच नेमलेल्या समितीने काही पुस्तकं ठेवावीत असं सुचवलं आणि मंडळाने तो अहवाल बाजूला सारला. न्यायाधीशांत एकमत तर सोडाच, निर्विवाद बहुमताचं एक निकालपत्रही झालं नाही. मुख्य मताचा रोख असा होता : केवळ विचार पटत नाहीत म्हणून शाळेच्या ग्रंथालयातलं पुस्तक काढता येणार नाही, मात्र पुस्तक अथपासून इतिपर्यंत असभ्यच असेल तर प्रश्न वेगळा. ‘अथपासून इतिपर्यंत’ ठरवायला ते अथपासून इतिपर्यंत वाचावं लागतं, हे तिथल्या अनेक मंडळांच्या अजून गळी उतरलेलं नाही. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या नोंदींनुसार २०२३ या एका वर्षात ४,२४० वेगवेगळ्या पुस्तकांवर आक्षेप घेतले गेले. इतकी पुस्तकं कोणी वाचून काढली असतील यावर माझा विश्वास नाही. याद्या फिरतात.

तुमच्याकडून मला काय हवं ते सांगते. तक्रार आली की निर्णय होईपर्यंत पुस्तक जागेवर राहू द्या. समितीतल्या निदान तिघांनी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावं, आणि त्यांतलं एक जण असं असावं जे रोज त्या वयाच्या मुलांमध्ये वावरतं. सक्तीने नेमायचं पाठ्यपुस्तक आणि ग्रंथालयात मुलाने स्वतः उचलायचं पुस्तक यांना एकच मोजपट्टी लावू नका. पहिल्याबाबत तुम्ही जास्त काटेकोर असलात तर मी तक्रार करणार नाही. आपल्या मुलाने हे वाचू नये असं पालकाला वाटलं तर त्याचा मान राखा, त्या मुलाला दुसरं पुस्तक द्या. मात्र वर्गातल्या उरलेल्यांसाठी तो निर्णय त्या पालकाला घेऊ देऊ नका. बैठकीला दोन विद्यार्थ्यांना बोलवा, पुस्तक वाचलेल्या. ती मुलं शिवीबद्दल बोलणारही नाहीत कदाचित. त्यांना दुसरंच काहीतरी लागलेलं असेल, आणि ते ऐकायला मिळणं हे तुमच्या कामाचंच आहे.

आणि अर्ज बदला. पान क्रमांकाचा रकाना राहू दे. त्याच्या आधी तीन ओळी घाला : हे वाक्य कोण बोलतं? कोणाला? त्यानंतर गोष्टीत काय होतं? ज्याने पुस्तक वाचलं आहे त्याला या तीन ओळी भरायला पाच मिनिटं लागतील. ज्याला त्या भरता येत नाहीत त्याला अर्जासोबत पुस्तकाची प्रत द्या आणि पुढच्या महिन्यात या म्हणून सांगा. यासाठी ठराव लागत नाही, निधी लागत नाही. पुढच्या बैठकीआधी छापून होईल.

आपली,
किशोरांच्या कादंबऱ्यांची एक संपादक